तात्यांच्या जाळीवरचा कॅमेरा

"काढ ती कॅसेट!"

"आई, हळू बोल. तात्या ऐकतील."

"ऐकू देत की! त्यांना काय कळत न्हाय म्हणून इतकं दिस तुमीच सांगताय ना? मग हळू कशाला?"

"वहिनी, तुमी दमून आलाय. आधी हातपाय धुवा," आमचे दीर आबा म्हणाले.

"हातपाय धुवून भांडायची सवय न्हाय मला, आबा. हाय अशीच भांडते!"

हे भांडण आमच्या सांगवीच्या घरात, तात्यांच्या खाटेच्या पायथ्याशी चाललं होतं. ते कसं मिटलं ते सांगायचंच आहे, पण एकदम सांगितलं तर कुणाला काही उमगायचं नाही. पाखरं पाळणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. पाखरू दाणा खातं आणि टरफल खाली टाकतं. सकाळी झाडावं, दुपारी पुन्हा ढीग! आमच्या पाखरांच्या किश्श्यांचं तसंच झालंय. किती जणांना सांगितले, तरी खाली ढीग आहेच. म्हणून आता लिहूनच टाकते.

मी शाळेत गेले नाही. खताच्या पोत्यांवरची आणि एसटीच्या पाट्यांवरची अक्षरं जुळवत जुळवत वाचायला शिकले. माझ्या चुका काढायच्या असतील, तर आधी कुणी न शिकवता एक अक्षर शिकून दाखवा, मग या!

*

तात्या म्हणजे माझे मालक. गाव त्यांना तात्या म्हणतं, म्हणून लिहिताना मीही तात्याच लिहिते. तोंडानं मात्र जन्मभर 'अवं' म्हणत आले.

सासऱ्यांच्या काळी आमच्याकडे मेंढरं होती. पुढं मेंढरं गेली, ऊस आला, आणि तात्या साखर कारखान्यात क्रेनवर लागले. रिटायर झाले तेव्हा लोकांनी विचारलं, आता काय करणार? हा माणूस बारामतीला गेला आणि लव्हबर्डच्या जोड्या आणि मुठीत मावतील एवढ्या फिंच घेऊन आला!

आता त्यांना ठेवायचं कुठं? माळ्यावर सासऱ्यांची वाघर पडली होती. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरखंडाची जाळी. तात्यांनी ती घरामागच्या परड्यात चार खांबांना बांधली, वरूनही टाकली.

मी म्हटलं, "अवं, भोकं बघा की केवढी हायेत!"

"आमच्या बापाचा अख्खा कळप राहिला हिच्यात. ही मूठभर पाखरं काय मेंढरापेक्षा ताकदीची हायेत व्हय?"

पिंजऱ्याचं दार उघडलं. सगळी पाखरं वाघरीत शिरली आणि त्याच दमात पलीकडून निघून उसावर जाऊन बसली. तात्या बघतच राहिले. तेवढ्यात शेजारच्या शेवंताची शेळी पाला खायला आली आणि शिंगांनी जाळीत अडकली. अशी अडकली की तिघांनी ओढली तरी सुटेना!

तात्या कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बघ! वाघर चांगलीच हाय!"

*

मग तारेची बारीक जाळी आली, वर पत्रा आला, अंडी घालायला मडकी टांगली. नवी पाखरं आली. आणि पाखरांपेक्षा जास्त माणसं जमायला लागली.

शेवंता रोजचीच. गुलाबभाई टेम्पोवाला बारामतीहून पाखरांच्या दाण्याचं, राळ्याचं पोतं घेऊन यायचा आणि चहा घेतल्याशिवाय जायचा नाही. आबा कऱ्हाटीहून दर आठवड्याला यायचे, ते फक्त नावं ठेवायला.

"दादा, हे अंडं केवढं?" आबा विचारायचे.

"बोराच्या बीएवढं."

"मग आमलेटला किती लागतील?"

तात्या जागचे उठायचे आणि आबांच्या समोरचा चहाचा कप उचलून गुलाबभाईला द्यायचे. आबांचा एक चहा दर वेळी असा जायचा, पण त्यांनी विचारायचं काही सोडलं नाही!

*

एका सकाळी तात्या जाळीत पाणी बदलायला गेले आणि तिथंच बसले. मला वाटलं, मडक्यात डोकावतायत. हाक मारली तर तोंड माझ्याकडं वळलं, आणि त्यातलं अर्धं तोंड माझ्या ओळखीचं नव्हतं.

बारामतीला दवाखान्यात ठेवलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. घरी आणताना डॉक्टरांनी सांगितलं, "आजी, यांना धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका."

मी म्हटलं, "त्यांना बसायचा तेवढा बसलाय. आता उरला तो मला."

खाट मधल्या खोलीत टाकली. परड्याच्या बाजूला खिडकी नाही. बाहेर पाखरं कलकलाट करायची आणि तात्या भिंतीकडं बघत पडायचे. कलकलाट वाढला की डावा हात खाटेच्या कडेला आवळायचे. खाट उचलून जाळीपाशी नेऊन पाहिली. पण उंबऱ्यावर हिसका बसला की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. दोनदा नेली, तिसऱ्यांदा माझ्यानं होईना.

*

आमचा संपत, मुलगा, पुण्यात एका कंपनीत होता. दुकानांत, पतपेढ्यांत चोरांवर नजर ठेवायचे कॅमेरे बसवायचं त्यांचं काम. एका दुकानानं जुना कॅमेरा बदलला, तो यानं मागून घेतला. लांबचं जवळ दिसणारा, झूमवाला! सोबत वायरीचं भेंडोळं आणि दोन बटणांचा एक डबा. एक बटण दाबलं की चित्र जवळ येतं, दुसरं दाबलं की लांब जातं. तिसरी एक दांडी होती, ती ढकलली की कॅमेरा मान वळवायचा.

संपत शिडीवर, मी शिडी धरून, गुलाबभाई दारात, शेवंता टीव्हीपाशी. शेवंता आतून ओरडायची, गुलाबभाई ते ऐकून बाहेर सांगायचा.

"काय दिसतंय?"

"गुहा दिसतीया म्हणं!"

"गुहा?"

"काळी गुहा. दोन-दोन हायेत!"

बघतो तर आबा पलीकडून स्टुलावर चढून, कॅमेऱ्यासमोर नाक नेऊन आत कोण बसलंय ते पाहत होते!

शेवटी पाखरं दिसली. पण चित्र काळं-पांढरं. हिरवं पाखरू, निळं पाखरू, पिवळं पाखरू, सगळी राखेच्या रंगाची. गुलाबभाई हळहळला, "संपतराव, एवढा खटाटोप करून रंगच घालवला की वो!"

मी मात्र टीव्ही बघत नव्हते. मी तात्यांकडं बघत होते. किती महिन्यांनी त्यांचं डोकं उशीवरून उचललं गेलं होतं. संपतनं बटणांचा डबा त्यांच्या डाव्या हातात दिला. अंगठा हलला. पडद्यावर एक फिंच मोठी मोठी होत गेली, इतकी की तिची चोच भरून राहिली.

संपत शिडीवरून उतरला तो थेट मोरीत गेला आणि बराच वेळ नळ चालू ठेवून आत उभा राहिला.

*

त्या दिवसापासून तात्या बोलायला लागले. तोंडानं नाही, त्या डब्यानं!

पाण्याचं भांडं कोरडं पडलं की कॅमेरा भांड्यावर. राळा संपला की ताटलीवर. मी भाकरी थापत असले तरी मधे मधे टीव्हीवर नजर टाकायची. चित्र कुठं थांबलंय, त्यावरून आज मालकांचं काय म्हणणं आहे ते कळायचं.

आबांना हे पटेना. "वहिनी, उगा मनाला लावून घेऊ नका. अंगठा आपला आपण पडतोय बटणावर. त्याला काय कळतंय आता!"

हे ते तात्यांच्या खाटेशेजारी उभं राहून म्हणाले. म्हणाले आणि बिडी पेटवून जाळीत गेले. जाळीत बिडी ओढायला तात्यांची पहिल्यापासून बंदी.

टीव्हीवर आबा दिसले. मग नुसता आबांचा सदरा. मग हात. मग दोन बोटं आणि बिडी. तिथं चित्र थांबलं ते हलेना. आबा डावीकडं सरकले, कॅमेऱ्याची मान डावीकडं. उजवीकडं गेले, मान उजवीकडं!

गुलाबभाई घरातून ओरडला, "आबा, इझवा ती! मालक बघत्यात!"

आबांनी बिडी विझवली. पण पुढच्या आठवड्याला पुन्हा तेच, "त्याला काय कळतंय!" काही माणसांना डोळ्यांदेखत घडलेलं पटत नाही.

*

एक दिवस सकाळी टीव्हीवर पाखरांच्या मधोमध एक मोठा काळा कावळा. पाखरं उडाली तरी हा जागचा हलत नाही. कॅमेऱ्याची मान वळवली तर कावळाही सोबत! तात्या वैतागून दांडी इकडं-तिकडं ढकलतायत. मी काठी घेऊन जाळीत गेले. आत कावळा नाही. घरात आले. टीव्हीवर कावळा आहे!

संपत पुण्याला, विचारणार कुणाला? शेवटी गुलाबभाई शिडीवर चढला आणि खाली माझ्याकडं बघून म्हणाला, "जीजी, कॅमेऱ्याच्या डोळ्यात काजळ कुणी घातलं?"

शेवंता पदर सावरत पुढं झाली. "मीच घातलं. रातंदिस असा टक लावून बघतोय मेला पाखरांकडं! नजर न्हाय व्हय लागायची? म्हणून तीट लावली."

"अगं, तीट पाखरांना लावायची! बघणाऱ्याला न्हाय!"

"पाखरं हाताला येत्यात का? हा तरी जागेवर हाय!"

*

आता खरा किस्सा.

माझी लेक कळंबला दिलेली. तिचं बाळंतपण अडलं, निरोप आला, आणि मी जायला निघाले. तात्यांची व्यवस्था शेवंताकडं लावली. संपत रजा काढून आला. निघताना तात्यांना सांगितलं, "अवं, लेकीकडं जाऊन येते." त्यांनी डोळे मिटून उघडले. ते 'व्हय' असतं.

लेक वाचली, मूल वाचलं नाही. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही.

परतीला बारामतीच्या स्टँडवर गुलाबभाई टेम्पो घेऊन आला. एरवी पाखरांशिवाय दुसरं न बोलणारा माणूस. त्या दिवशी उसाबद्दल बोलला, रस्त्याबद्दल बोलला, टेम्पोच्या टायरबद्दल बोलला. माझ्याकडं मान म्हणून वळवली नाही. मला वाटलं, नातवाचं कळलंय, म्हणून असेल. वाटेत पाऊस लागला.

घरात शिरले ती थेट तात्यांच्या खोलीत. टीव्ही चालू होता. पाखरं झोके घेत होती, राळा खात होती. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत डोळ्यांना बरं वाटेल असं तेवढंच दिसलं.

मग टीव्हीवर जाळीचं दार उघडलं आणि एक म्हातारी आत आली. डोक्यावर टॉवेल, हातात कळशी. वाकून पाण्याचं भांडं भरायला लागली.

ती मी होते.

मी खाटेपाशी उभी. हातात कळंबची पिशवी, पदरातून पाणी गळतंय. आणि समोर टीव्हीत मी, लख्ख उन्हात, पाखरांना पाणी घालतेय. डोक्यावर पत्र्यावर पाऊस वाजतोय.

तात्यांनी टीव्हीकडं बघितलं. मग माझ्याकडं. पुन्हा टीव्हीकडं. पुन्हा माझ्याकडं. आणि मग त्यांची नजर माझ्यावर राहिली, ती काही विचारत नव्हती. ती सगळं जाणून होती.

मी छत्री न घेता परड्यात गेले. जाळीत एकही पाखरू नव्हतं. मडकी उतरवून धुऊन पालथी घातली होती. जमीन झाडून सारवलेली. इतकी स्वच्छ जाळी मी कधी ठेवली नव्हती!

*

घरात आले तर तिघं रांगेत उभे, संपत, शेवंता आणि आबा. गुलाबभाई उंबऱ्यातच थबकला.

मी निघाल्यानंतर पाखरांत साथ आली. आधी फिंच फुगून बसल्या, मग लव्हबर्ड. डॉक्टर आणला, औषध झालं, काही चाललं नाही. दोन-चार दिवसांत जाळी रिकामी झाली. गुलाबभाईनं आणि शेवंतानं लिंबाच्या खाली सगळी पुरली. तात्यांच्या टीव्हीवर त्या दिवसांत कापड टाकून ठेवलं होतं, कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगितलं.

मग संपतला आठवलं. पुण्याच्या मित्रांना दाखवायला त्यानं मागे एकदा व्हिडिओवर पाखरांची कॅसेट भरून घेतली होती. तीच लावली. संपली की मागं गुंडाळायची, पुन्हा लावायची. गुंडाळायचं काम शेवंताकडं.

"मग गुंडाळताना काय सांगत हुतीस गं त्यांना?"

शेवंता रडत म्हणाली, "'लाईट गेली, तात्या,' म्हणायचे."

मी वर बघितलं. तात्यांच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

"तवा हा चालू असायचा?"

शेवंतानं वर बघितलं. मग संपतनं. मग आबांनी. इतक्या दिवसांत त्या पंख्याकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. उताण्या पडलेल्या माणसाला दुसरं दिसतं तरी काय?

मी खाटेखाली बघितलं. बटणांचा डबा तिथं पडला होता, त्यावर धूळ.

"हा खाली कुणी टाकला?"

"त्यांनीच," संपत म्हणाला. "पहिल्या दिवशी लई दाबत हुते. चित्र जवळ येत न्हवतं ना. मग सोडून दिलं. आता मागत सुद्धा न्हाईत, आई. शांत पडून बघत्यात."

"समाधानी झालाय गडी," आबा म्हणाले.

इथं माझं डोकं फिरलं. "काढ ती कॅसेट!" म्हणून मी ओरडले ते इथंच. हातपाय धुवा, दमून आलाय, हे सगळं त्याच्या पुढचं.

"आई, डॉक्टरनं काय सांगितलंय?" संपतचा आवाज फुटला. "धक्का बसला तर? उद्या काय झालं तर मी स्वतःला काय सांगू? तिकडं एक मेलेलं बघून आलीस, दुसरं बघायचंय का तुला?"

हे त्यानं बोलायला नको होतं. पण खोटं बोलला असंही नाही. बापावर माया होती म्हणून त्यानं कॅसेट लावली, हे मला तेव्हाही दिसत होतं.

"वहिनी, पोराचं ऐका," आबा म्हणाले. "चाललंय ते चालू द्या. दादा सुखात हाय. त्याला काय..."

"म्हणा! 'त्याला काय कळतंय,' म्हणा!"

आबा खिशातली बिडी चाचपायला लागले.

"जीजी," उंबऱ्यातून गुलाबभाई हळूच म्हणाला, "नवीन पाखरं आणू. मी उद्याच जातो. तशीच बघून आणतो. काळ्या-पांढऱ्यात कुणाला वळखू येतंय?"

"त्यांना वळखू येतंय!"

"मग काय करायचं?" संपत ओरडला. "तूच सांग! सांगायचं कसं आणि कुणी?"

"आदी त्यांची तब्येत सुधारू द्या," आबा.

"पाऊस उघडला की सांगू," शेवंता.

"दिवाळीनंतर," गुलाबभाई.

चौघंही एकदम बोलायला लागले. कधी सांगायचं, कसं सांगायचं, सांगायचंच का. आणि चौघांची पाठ खाटेकडं होती. टीव्हीत मी अजून पाणीच घालत होते.

मी हात पुढं केला आणि टीव्ही बंद केला. पावसाचा आवाज एकदम मोठा झाला. खाटेवर तात्यांच्या उशाशी बसले, त्यांचा डावा हात मांडीवर घेतला. मग जे बोलले त्यानं ते भांडण मिटलं.

"अवं, तुमची पाखरं समदी मेली, आता रिकामी जाळी बघायची हाय का तुमाला?"